कल्याण नावाचं बंदर

आपल्या रोजच्या प्रवासातली काही नावं एकदा मोठ्याने म्हणून बघा. रेतीबंदर. घोडबंदर. आणि आपली पहिली रेल्वे 16 एप्रिल 1853 ला जिथून ठाण्याला निघाली, ते बोरीबंदर. प्रत्येक नावात ‘बंदर’ आहे आणि आपल्याला त्यातलं एकही बंदर दिसत नाही. आपल्याला दिसतो तो ट्रॅफिक जॅम!

हा विषय डोक्यात घुसला तो माझ्या मामेभावामुळे. तो स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला तेल कंपनीत आहे. तिथे बंदरातून वर चढणारी ‘शिपरो’ नावाची जुनी गल्ली आहे आणि त्याच गल्लीत 1593 च्या एका दगडी घराला जोडून सागरी संग्रहालय उभं केलंय. तिथल्या कारखान्यात 1839 साली ‘स्कॉटिश मेड’ नावाचं जहाज बांधलं, त्याचा पुढचा भाग तिरका काढला होता. कारण काय, तर वेग वाढावा हे एक आणि त्या काळच्या नियमात जहाजाचं माप असं घेत की तिरक्या भागावर कर लागत नसे हे दुसरं. (इंजिनियर सगळीकडे सारखेच!) तो फोनवर म्हणाला, “तुमच्याकडे असलं काही नाही ना?” मी म्हटलं, थांब दादा, बघून सांगतो.

तर आता कल्याण. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ‘कॅलिएना’ हे बंदर येतं, आणि ते म्हणजे आपलं कल्याण असं बहुतेक अभ्यासक मानतात. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांमध्ये कल्याणचे व्यापारी आहेत, त्यांची नावं तिथल्या शिलालेखांत कोरलेली आहेत. पेरिप्लस तर पुढे असंही सांगतो की राज्यकर्ता बदलला आणि इथे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. म्हणजे राजकारणामुळे धंदा दुसऱ्या बंदराला जाणं हे आपल्या गावाने दोन हजार वर्षांपूर्वीच पाहिलंय.

पण समुद्र एवढा लांब असताना इथे बंदर कसं? याचं उत्तर इतिहासाच्या पुस्तकापेक्षा आपल्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या जवळ आहे. उल्हास नदी कल्याणहून डोंबिवली, मुंब्रा करत ठाण्याजवळ येते. तिथून मुख्य पाणी घोडबंदरवरून वसईच्या समुद्राला मिळतं आणि एक फाटा ठाण्याच्या खाडीत जातो. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार मीटरपेक्षा जास्त फरक पडतो. हे पाणी साधारण साडेबारा तासांनी पुन्हा पुन्हा खाडीत चढतं. गलबताचा तळ उथळ असला की काम सोपं: भरतीबरोबर वर सरकायचं, ओहोटी लागली की नांगर टाकून जेवायला बसायचं, पुढची भरती आली की पुन्हा निघायचं. इंजिन नाही, डिझेल नाही, सगळं चंद्राच्या खर्चाने!

दुसरं कारण घाट. जुन्नरकडचा माल नाणेघाट उतरून मुरबाडमार्गे बैलांवर यायचा. बैलापेक्षा होडीने माल नेणं कितीतरी स्वस्त, त्यामुळे होडी जिथपर्यंत आत येऊ शकते तिथे बैलावरून माल उतरवायचा. ती जागा कल्याण. मागे जंगलात सागवान होतंच.

ऑक्टोबर 1657 मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांकडे आली, आणि इथेच खाडीकाठी जहाजं बांधायला सुरुवात झाली. या कामावर रुई लैतांव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह होता. ही जहाजं सिद्दीविरुद्ध आहेत असं महाराजांकडून सांगितलं जात होतं, पण वसईच्या पोर्तुगीजांना धास्ती वाटली. त्यांनी 1659 च्या सुमारास व्हिएगसला फितवलं आणि तो सगळ्या माणसांना घेऊन निघून गेला. आजच्या भाषेत पूर्ण टेक्निकल टीम एका रात्रीत रिझाइन! तरीही आरमार उभं राहिलंच. पुढची जहाजं बांधणारे इथलेच हात होते, आणि त्यातल्या एकाही सुताराचं नाव आपल्याला पाठ नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

मग बंदर गेलं कुठे? मुंबई मोठी होत गेली तसा कल्याणचा व्यापार आधीच तिकडे ओढला जात होता. 1 मे 1854 ला रेल्वे कल्याणला आली. 1863 ला ती बोरघाट चढली, 1865 ला थळघाट. त्यानंतर घाटावरच्या मालाला कल्याणला उतरायचं कारणच उरलं नाही, डबा थेट बोरीबंदरला. गंमत म्हणजे आज कर्जत आणि कसारा अशा दोन लाइन आपल्या स्टेशनपुढे फुटतात, त्या त्याच दोन घाटांकडे जातात. फक्त आता गाडी बदलणारा माल म्हणजे आपण.

आता संग्रहालयाचं. 2022 साली नौदल आणि इथल्या स्मार्ट सिटी कंपनीत करार होऊन, सेवेतून निवृत्त झालेली टी-80 ही युद्धनौका दुर्गाडीजवळ खाडीकाठी स्मारक म्हणून ठेवायचं ठरलं. 1998 साली नौदलात आलेली, सुमारे 25 मीटर लांबीची, उथळ पाण्यात वेगाने धावणारी बोट. मला ती आवडते. पण तिच्याशेजारी सेल्फी काढून लोक परत गेले तर काय उपयोग? गलबताचा उभा छेद, भरतीचा तक्ता, नाणेघाट ते खाडी असा नकाशा, एवढं तरी तिथे हवं. आणि ही मॉडेल्स बनवायला बाहेरून एजन्सी कशाला आणायची? आपल्या सिव्हिल आणि मेकॅनिकलच्या फायनल इयरला दरवर्षी प्रोजेक्टचे विषय शोधत फिरावं लागतंच की.

तोवर एक करा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला दुपारच्या सुमारास स्टेशनवरून लाल चौकीमार्गे दुर्गाडीला जा आणि पुलाजवळून खाडीकडे बघत उभे राहा. काठावरचा कचरा, जलपर्णी, सगळं काही ठाण्याच्या बाजूने कल्याणकडे, म्हणजे उलटं वाहताना दिसेल. गलबतं याच पाण्यावर यायची. मामेभाऊ डिसेंबरात येतोय, त्यालाही तिथेच नेणार आहे.