पीडीएफ चढवण्यापूर्वी

अगं, कॉपीराइटच्या धास्तीने तू ऑनलाइन वर्गातून निम्म्या कथा गाळायला निघालीस म्हणे. एवढं घाबरू नकोस. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ शांतपणे वाच. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कल त्यात उल्लंघन मानलेली नाही.

दिल्ली विद्यापीठातला झेरॉक्सचा खटला तर ऐकलाच असशील. ऑक्सफर्ड, केंब्रिज यांसारखे प्रकाशक २०१२ साली एका झेरॉक्सच्या दुकानाविरुद्ध आणि विद्यापीठाविरुद्ध कोर्टात गेले, कारण मुलांसाठी पुस्तकांतल्या प्रकरणांचे संच करून दिले जात होते. २०१६मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं, की शिकवणं म्हणजे नुसता तासाभराचा वर्ग नव्हे, आणि किती पानं घेतली यापेक्षा ती शिकवायला लागत होती का, हे पाहायचं. मला हा निकाल फार शहाणा वाटतो. महागडी पुस्तकं घ्यायला पोरांनी पैसे आणायचे कुठून?

पण म्हणून सगळं रान मोकळं नाही हं. तो खटला कागदाच्या संचांचा होता. तू कथेची पीडीएफ गूगल क्लासरूममध्ये फक्त आपल्या मुलांना दिलीस, तर ते शिकवणं. तीच यूट्यूबवर सगळ्यांसाठी वाचून दाखवलीस, की मग परवानगी हवी. आणि खाली लेखकाचं नाव टाकलं की भागतं, हा आपल्या स्टाफरूममधला लाडका गैरसमज. नाव देणं हा शिष्टाचार झाला, त्याने परवानगी मिळत नाही. अख्खं पुस्तक स्कॅन करून चढवण्याचा मोहही आवर. ‘शिकवायला लागतं’ हे तिथे पटवून देणं अवघड जाईल.

जुनं साहित्य मात्र बिनधास्त घे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेली पुस्तकं २०११पासून सगळ्यांची. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि चित्रं मात्र त्यात धरू नकोस. पु. ल. २००० साली गेले, त्यांच्यासाठी २०६१ उजाडायला हवं.

जे आधीच अधिकृतपणे नेटवर आहे, त्याची सरळ लिंक दे. चित्रं विकिमीडिया कॉमन्सवरून घे, तिथला परवाना वाचून. आणि व्हिडिओ जगासाठी खुला करायचाच असेल, तर आधी प्रकाशकाला मेल टाक आणि उत्तर जपून ठेव.