जुन्या गाडीचे इंजिन मधूनच का तापते?

कोकणातील आंबा बागायतदार असो की देशावरील भाजीपाला पिकविणारा शेतकरी असो, माल बाजारात नेण्यासाठी पंधरा-वीस वर्षे वापरलेली जीप किंवा लहान मोटारगाडी त्याच्या दारात पुष्कळदा आढळते. अशा गाडीचे इंजिन रोजच तापत असेल, तर दोष शोधणे फारसे कठीण जात नाही. खरी अडचण होते ती मधूनच तापणाऱ्या गाडीची. आठ दिवस ती बिनतक्रार चालते आणि नेमक्या बाजाराच्या दिवशी रेडिएटरमधून वाफ येऊ लागते. दुरुस्तीस नेईपर्यंत इंजिन थंड झालेले असते. मिस्त्री अर्धा तास इंजिन चालवून पाहतो, काटा जागचा हलत नाही, आणि मग अंदाजाने एकेक भाग बदलण्यास सुरुवात होते. थर्मोस्टॅट बदलला, पंप बदलला, शेवटी रेडिएटरही नवा बसविला, तरी दोष मूळ जागी कायम! तशीच गाडी हाकीत राहिल्यास सिलिंडर हेड वाकते किंवा तडकते, आणि हा खर्च जुन्या गाडीच्या किमतीच्या घरात जाऊ शकतो.

म्हणून दोष शोधण्याचा आरंभ पान्याने न करता वहीने करावा. गाडी कोठे तापली, उभी असताना की चढावर, रिकामी होती की भरलेली, काटा हळूहळू चढला की एकदम उडाला, आणि नंतर किती पाणी घालावे लागले, एवढे प्रत्येक वेळी टिपून ठेवावे. तीन-चार वेळच्या अशा नोंदी मिस्त्रीपुढे ठेवल्यास त्याचे निम्मे काम झालेले असते. कारण प्रत्येक दोषाची तापण्याची वेळ निराळी असते.

गाडी गर्दीत किंवा बाजारपेठेच्या फाटकापाशी उभी असताना तापते व रस्त्याला लागताच काटा खाली येतो, असे आढळल्यास दोष बहुधा हवेचा असतो. धावत्या गाडीच्या रेडिएटरमधून वारा आपोआप जातो. उभ्या गाडीत ते काम पंख्याने करावयाचे असते. जुन्या जीपमध्ये पंखा पट्ट्यावर फिरतो. पट्टा दोन पुल्यांच्या मध्यावर अंगठ्याने दाबला असता सर्वसाधारणपणे अर्धा इंच दबावा. अधिक दबत असेल, किंवा पट्ट्याच्या कडा चकचकीत झाल्या असतील, तर तो घसरतो असे समजावे. मारुती ८०० सारख्या गाड्यांत पंखा विजेवर चालतो व पाणी ठराविक तापले की एक स्विच त्यास सुरू करतो. हा स्विच किंवा त्याचे जोड मधूनच काम देत नाहीत. इंजिन जागेवर चालू ठेवून काटा मध्याच्या वर गेल्यावरही पंखा फिरला नाही, तर दोष सापडलाच.

याउलट गाडी गावात ठीक चालते आणि भार घेऊन चढ लागला की तापते, तेव्हा लक्ष पाण्याच्या वाटेकडे वळवावे. एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या पेट्या भरून साखरप्याहून आंबा घाटाने कोल्हापूरकडे निघालेली जीप हे याचे चांगले उदाहरण होय. खालच्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण जोराने चालते, उष्णता पुष्कळ निर्माण होते, वेग मात्र अल्प. त्यात हवाही तापलेली. एरवी निम्म्या शक्तीने भागवून नेणारा रेडिएटर येथे उघडा पडतो.

रेडिएटर आतून चोंदण्याचे नेहमीचे कारण म्हणजे विहिरीचे किंवा बोअरचे क्षारयुक्त पाणी. चहाच्या भांड्याच्या बुडाशी धरतो तसाच पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत व इंजिनच्या पाण्याच्या जागांत धरतो. लोखंडातून जितकी सहज उष्णता जाते तितकी या थरातून जात नाही. परीक्षा सोपी आहे. गाडी तापवून आणावी, इंजिन बंद करून किल्ली काढावी, विजेचा पंखा असल्यास बॅटरीची तार सोडावी आणि रेडिएटरच्या पृष्ठभागावर सर्वत्र सावधपणे हात फिरवावा. मध्येच एखादा पट्टा थंड लागला, तर त्या नळ्या बंद आहेत. बाहेरील बाजूही दुर्लक्षू नये. जाळीत गवताचे बी, कडब्याचा भुसा, कापसाचे तंतू व मेलेले पतंग यांचा थर बसतो. तो इंजिनच्या बाजूकडून पुढे असा, बेताच्या धारेने पाणी मारून काढावा. जोराच्या धारेने पातळ पत्रे दुमडतात.

खालची रबरी नळी हे फारसे कोणाच्या ध्यानात न येणारे स्थान. पंप याच नळीतून पाणी ओढतो. नळी जुनी होऊन मऊ पडली, किंवा तिच्यातील तारेची स्प्रिंग गंजून गेली, तर इंजिनचा वेग वाढताच ती आत चिकटते व पाणी अडते. वेग कमी होताच ती पुन्हा फुगते. त्यामुळे उभ्या गाडीत पाहणाऱ्यास ती निर्दोष दिसते. दुसऱ्याने वेग वाढवावा व आपण नळीवर नजर ठेवावी, म्हणजे लबाडी उघड होते.

काटा चढतो, उतरतो, पुन्हा चढतो, असे सरळ रस्त्यावरही होत असेल, तर अडकणारा थर्मोस्टॅट किंवा पाण्यात अडकलेली हवा यांचा संशय घ्यावा. थर्मोस्टॅट काढून पातेल्यातील पाण्यात दोऱ्याने टांगावा व पाणी तापवावे. त्यावर ८२ किंवा ८८ असा अंश छापलेला असतो. त्याच्या जवळपास तो उघडू लागावा आणि पाणी उकळण्याच्या सुमारास चांगला उघडलेला असावा. दोन-तीन वेळा करून पाहावे, कारण अडकणे हे प्रत्येक वेळी होत नाही. थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याचा सल्ला रस्त्यावरील फिटर सर्रास देतात. तो मानू नये. थंड चालणारे इंजिन इंधन अधिक खाते व लवकर झिजते, शिवाय खरा दोष झाकला जातो.

काटा एका क्षणात तळापासून लाल रेषेपर्यंत उडाला, तर दोष विजेचा आहे. एवढे पाणी क्षणार्धात तापत नाही. परंतु एक गोष्ट विसरू नये. पाणी फार खाली गेले की काट्याचा सेन्सर कोरडा पडतो, आणि इंजिन जळत असतानाही काटा थंड दाखवितो. काट्यावर विसंबून इंजिन गमावल्याची उदाहरणे घडतात ती अशीच.

गळती कोठेही नाही, तरी पाणी कमी होते. थंड इंजिन सुरू करताच वरची नळी मिनिट-दोन मिनिटांत कडक होते. रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे येतात: ही हेड गॅस्केट फाटल्याची चिन्हे होत. मग गाडी चालवू नये.

अंदाजाने बदलण्यास हरकत नाही असा एकच भाग, तो म्हणजे रेडिएटरचे झाकण. झाकणाच्या दाबामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो; रबर कडक झालेले झाकण हा दाब धरीत नाही. उंचीवर हे अधिक जाणवते. सुमारे १,३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरी उघडे पाणी ९५-९६ अंशांवरच उकळते. नवे झाकण मात्र मूळ दाबाचेच घ्यावे. जास्त दाबाचे बसविल्यास जुन्या रेडिएटरचे डाग सुटतात.

वाटेत वाफ दिसू लागल्यास गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे आणि अर्धा-पाऊण तास झाकणास हात लावू नये; दाबाखालील पाणी उसळून तोंड व हात भाजतात. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नये, त्याने ओतीव भाग तडकतात. नळी हातास सोसवेल इतकी निवाल्यावर जाड कापड धरून झाकण हळूहळू सैल करावे व पाणी थोडे थोडे घालावे.

दुरुस्तीनंतर विहिरीचे पाणी भरू नये. ऊर्ध्वपातित पाणी व कूलंट निम्मे निम्मे घ्यावे. इंजिन चालवून आतील हवा निघू द्यावी व थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी. कूलंटमध्ये बहुधा एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड पण विषारी आहे. म्हणून काढलेले जुने पाणी गोठ्याजवळ किंवा अंगणात सांडू न देता बंद डब्यात घेऊन गॅरेजकडे सोपवावे. कुत्री व गुरे ते चाटतात.