भाकरीसोबतचा बोकडाचा खिमा, काळ्या मसाल्यातला

चार माणसांना पुरेल. अर्धा किलो खिमा घ्या; आपल्या बीड-धाराशिवकडचा उस्मानाबादी बोकड मिळाला तर फारच छान. बाकी तीन कांदे, दोन चमचे आलं-लसूण वाटण, दोन चमचे काळा मसाला, भाजून वाटलेलं अर्धी वाटी सुकं खोबरं, एक चमचा येसर, हळद, मीठ, तीन पळ्या करडईचं तेल, कोथिंबीर आणि लिंबू. आलं सगळं ओट्यावर? चला.

१. खिमा मशिनीतून एकदाच काढून आणा. दोनदा काढला की शिजताना पिठासारखा होतो.

२. बारीक गाळणीत धुऊन निथळत ठेवा. पातेल्यात धुवायला जाल तर निम्मा पाण्याबरोबर जाईल.

३. तेलात बारीक चिरलेला कांदा चांगला लालसर परता. इथे घाई नको, कच्चा कांदा पुढे गोडसर लागतो.

४. आलं-लसूण घाला. तळाला लागायला वेळ लागत नाही, हात चालू ठेवा.

५. आता मोठ्या आचेवर खिमा, हळद आणि मीठ घाला आणि पळीच्या पाठीने गुठळ्या फोडत राहा. सगळी चव इथेच ठरते! आधी पाणी सुटेल, घाबरू नका. झाकणही ठेवू नका. पाणी आटून कडेला तेल दिसलं, चर्रर्र आवाज आला, की जमलं.

६. आच मंद करून काळा मसाला घाला. मोठ्या आचेवर तो करपतो आणि कडू होतो.

७. खोबरं घालून दोन मिनिटं परता.

८. दोन वाट्या कढत पाणी ओता. गार पाणी नको.

९. झाकून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं शिजवा. दाणा बोटात सहज चुरला पाहिजे.

१०. येसर अर्धी वाटी गार पाण्यात कालवून ओता. कोरडं टाकलं तर गोळे होतात. सुकाच खिमा हवा असेल तर ही पायरी सोडा आणि पाणी आटवा. मला मात्र भाकरी चुरायला रस्सा लागतोच.

११. पाच मिनिटं उकळून कोथिंबीर पेरा.

१२. वाढताना लिंबू पिळा. त्यातल्या क जीवनसत्त्वाने भाकरीतलं लोहही अंगी लागतं. शंभर ग्रॅम कच्च्या मटणात साधारण वीस ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणून वाढत्या मुलांना पळीभर जास्त वाढा. सोबत गरम ज्वारीची भाकरी आणि बुक्कीने फोडलेला कांदा.