गुण आणि गुणवत्ता : या आठवड्याचा अभ्यास

॥ जय सद्गुरू ॥


इंटरचे निकाल जवळ आले की सत्संगानंतर माता-भगिनींचा एकच प्रश्न असतो : "पोरगं रात्र रात्र जागतं, तरी मार्क कमीच. डोकं कमी आहे, की मेहनत?" आज याचाच विचार करू या.

आपल्या तेलंगणातलंच उदाहरण घ्या. १८ एप्रिल २०१९ ला इंटरचा निकाल लागला. तीन लाखांहून जास्त मुलं नापास झाली. एका मुलीला तेलुगूत शून्य मिळालं. उत्तरपत्रिका पुन्हा पाहिली, तर ९९! तपासणाऱ्याने गुणांचे गोल चुकीचे भरले होते. आता सांगा, मधल्या दिवसांत तिची बुद्धी वाढली का? मुलगी तीच, पेपर तोच, बदलला फक्त आकडा. त्या निकालानंतर वीसहून अधिक मुलं आपण गमावली.

पुढे नापास झालेल्या सगळ्यांचे पेपर शासनाने विनाशुल्क पुन्हा तपासले. ११३७ मुलं पास ठरली, बाकीची नापासच राहिली. म्हणजे दरवेळी चूक तपासणाऱ्याचीच असते असं नाही. मग उरलेली सगळी मठ्ठ, नाहीतर आळशी? तसंही म्हणता येत नाही.

ठरलेल्या वेळात, ठरलेल्या भाषेत किती उतरवता आलं, एवढंच परीक्षा मोजते. तेही सोपं नाही, त्याला सराव आणि शिस्त लागतेच. पण घरी मराठी, कॉलेजात इंग्रजी, बाहेर तेलुगू-हिंदी, अशा आपल्या मुलांचा उत्तर येत असूनही शब्द अडतो. आणि मेहनत तर तपासणाऱ्याला दिसतच नाही. ती दिसते घरच्यांना. म्हणून तिचे गुण आपणच द्यायचे. कर्म वेगळं, फळ वेगळं, हे आपण गीतेत रोज ऐकतो आणि नेमकं निकालाच्या दिवशी विसरतो!

या आठवड्याचा नेम :
१) निकाल कळल्यावर पहिला शब्द मार्कांचा नको. आधी "जेवलास का?" विचारा.
२) आकडा पटत नसेल तर मुदतीत फेरमोजणी, फेरतपासणीचा अर्ज करा. नापास झालं तरी पुरवणी परीक्षा आहेच.
३) मूल गप्प गप्प राहत असेल तर एकटं सोडू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो घरात सगळ्यांकडे असू द्या.

॥ जय सद्गुरू ॥ 🙏