एल.ई.डी.चा उजेड आणि रापणीची मासळी

प्रकाशाचा लहानात लहान अंश म्हणजे फोटॉन. त्याला कामाला लावणारे शास्त्र ते फोटॉनिक्स. टीव्हीचा रिमोट, छपरावरील सौर पॅनेल, इंटरनेटची काचतंतूची केबल ही सारी त्यातलीच. तोंडवलीसारख्या गावी, जिथे माडाची बाग आणि रापण शेजारी-शेजारी, तिथे एल.ई.डी. दिवा विशेष समजून घ्यावा.

जुन्या बल्बात तार तापून उजेड पडे. बरीचशी वीज उष्णतेतच जाई. एल.ई.डी.त अर्धवाहक स्फटिकातून वीज वाहताच थेट प्रकाश निघतो. निळ्या एल.ई.डी.साठी २०१४ चे नोबेल मिळाले. पांढरा उजेड त्यामुळेच शक्य झाला.

समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषते, निळा-हिरवा खोल जातो. त्यामुळे प्रखर एल.ई.डी. लावताच खोलातली मासळी पिल्लांसकट दिव्याखाली गोळा होते व मोठ्या जाळ्यात सापडते. मग किनाऱ्यावरच्या रापणीत काय येणार? पारंपरिक मच्छीमारांची तक्रार रास्तच आहे. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात अशा मासेमारीस बंदी घातली.

ओटी, गोठा, पंपघर येथे मात्र हा दिवा जरूर लावा. तेवढ्याच उजेडाला जुन्या बल्बच्या निम्म्याहूनही कमी वीज लागते.