अंगणवाडीतील नवान्न

आश्विन पौर्णिमेस कोकणात नवान्न होते. हळव्या भाताची लोंबी, आंब्याचे पान, झेंडू व कुरडूचे फूल एकत्र बांधून हे ‘नवे’ दारास लावितात आणि नव्या तांदळाची खीर करितात. अंगणवाडीतील पाठास याहून सोयीचा दिवस नाही.

पाच वर्षांच्या मुलांस एकेक लोंबी द्यावी. तळहातावर चोळून त्यांनी दाणे मोकळे करावेत, फुंकर घालावी व उरलेले दाणे दहापर्यंत मोजावेत. पोचट उडतो, भरलेला राहतो, हे मूल स्वतःच पाहते. १९४५ साली बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिणाऱ्या ताराबाई मोडक यांनी पाने, बिया, शिंपले अशाच वस्तूंवर भर दिला होता. विकतच्या साधनांवाचून अडत नाही.

मात्र पेरणीतून उरलेले बियाणे वर्गात कदापि आणू नये. थायरमसारखे बुरशीनाशक चोळलेले रंगीत दाणे मुलांस मोहक वाटतात; ते विषारी असतात. तीन-चार वर्षांच्या मुलांस तर कोणतेच सुटे दाणे देऊ नयेत. ती ते नाकाकानांत घालतात, क्वचित श्वासनलिकेत अडकतात. त्यांच्यापुढे तवसे, भोपळा, पडवळ ठेवावे.

आभाराची वाक्ये पाठ करवून घेणे मला निष्फळ वाटते. त्यापेक्षा लावणीस जाणाऱ्या गावातील एखाद्या आजींस बोलवावे. चिखलात वाकून, मागे सरकत रोप कसे लावितात ते त्यांनी दाखवावे, मुलांनी तसे करून पाहावे. आणि खिरीची पहिली वाटी मुलांनीच त्यांच्या हाती द्यावी.