उपवासातून वाचलेले कोणाचे?



राखेच्या बुधवारी आपण कपाळी राख लावून घेतली. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी ज्या झावळ्या आपण उंच धरल्या होत्या, त्याच जाळून ही राख करण्याची प्रथा आहे. तेव्हाचा आपला उत्साह वर्षभरात कुठे गेला, हा प्रश्न जणू ती राखच विचारते. मिस्सामध्ये आता 'आलेलुया' थांबला आहे, वेदीवर जांभळा रंग आला आहे. मंदिरात बदल झाला. आपल्यात होणार आहे का?

राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत मोजले तर दिवस 46 भरतात. त्यातले सहा रविवार उपवासाचे धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार पुनरुत्थानाचा दिवस आहे. उरतात ते चाळीस. प्रभू येशूने अरण्यात काढले तेवढेच.

ख्रिस्तसभेचा नियम तसा सोपा आहे. राखेचा बुधवार व गुड फ्रायडे या दोन दिवशी उपवास, म्हणजे एक वेळ पोटभर जेवण आणि इतर दोन वेळा थोडेसे. तो 18 वर्षे पूर्ण झालेल्यांपासून 59 वर्षे पूर्ण होईपर्यंतच्यांना लागू आहे. मांस वर्ज्य करण्याचा नियम 14 वर्षे पूर्ण झाल्यापासून लागू होतो. आजाऱ्यांनी व गरोदर मातांनी प्रकृतीला जपावे.

नियम पाळूनही उपवास हुकू शकतो. शुक्रवारी मटण नको म्हणून आपण बाजारातून मोठे पापलेट आणतो. मासळीला मनाई नाही, नियम मोडला नाही. पण त्या दिवशी आपण कशाचा त्याग केला? चाळीस दिवस दारू सोडायची आणि पास्काच्या दुपारी सगळी कसर भरून काढायची, हेही आपल्या ओळखीचेच आहे.

राखेच्या बुधवारच्या शुभवर्तमानात (मत्तय 6) प्रभू दानधर्म, प्रार्थना आणि उपवास या तिन्हींविषयी एकत्र बोलतो. चुलीचे तीन दगड जसे, तशा या तीन गोष्टी. एक काढला की भांडे कलंडते. प्रार्थनेवाचून उपवास म्हणजे नुसते वजन कमी करणे, आणि दानाविना उपवास म्हणजे घरखर्चातली बचत.

यशया संदेष्ट्याच्या 58 व्या अध्यायात देव हेच खडसावून सांगतो. लोक उपवास करीत होते, पण त्याच दिवशी भांडत होते, मजुरांना राबवून घेत होते. देवाला हवा होता तो उपवास वेगळा होता: भुकेल्याला आपल्या भाकरीत वाटा देणे, उघड्याला पांघरूण घालणे. तेव्हा आपल्या ताटातून जे वाचते, ते आपले राहत नाही. ते भुकेल्याचे आहे.

आता आपण प्रामाणिकपणे स्वतःला विचारू या:

1. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईचा, वाडीतल्या मजुराचा पगार आपण वेळेवर देतो का?

2. जमिनीच्या वाटणीवरून, बांधावरून ज्या भावाशी बोलणे तुटले, तो मंदिरात आपल्यापुढे दोन बाकांवर बसतो. शांतीचे चिन्ह देताना आपले हात कोणाकडे वळतात?

3. दिवसाकाठी मोबाईलला किती वेळ मिळतो आणि देवशब्दाला किती?

यातला दुसरा प्रश्न सर्वांत जड आहे. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करण्यास प्रभूने सांगितले आहे (मत्तय 5). कोर्टातला दावा एका दिवसात मिटणार नाही, हे खरे. पण त्याच्या अंगणात जाऊन 'कसा आहेस?' एवढे विचारायला वकील लागत नाही.

म्हणून या उपवासकाळात प्रत्येक कुटुंबाने तीन गोष्टी कराव्यात. घरात एक डबा ठेवावा, दर शुक्रवारी साधे जेवून वाचलेले पैसे त्यात टाकावेत आणि पवित्र सप्ताहात ते गरजूंसाठी द्यावेत. मुलांच्या हातून टाकले तर अधिक चांगले. रात्री टीव्ही बंद करून पंधरा मिनिटे शुभवर्तमान वाचावे व एकत्र प्रार्थना करावी. आणि झावळ्यांच्या रविवारपूर्वी एका तरी माणसाशी समेट करून पापनिवेदन करावे.

पास्काच्या जागरणविधीत हाती मेणबत्ती घेऊन आपण बाप्तिस्म्याची वचने पुन्हा उच्चारू. त्या रात्री आपल्या मेणबत्तीवरून तो दुरावलेला भाऊ आपली मेणबत्ती पेटवून घेवो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.